डब्यावरचा हात

यात मी काहीही वाढवून सांगत नाहीये. माझं मराठी तंजावूरचं, देवनागरी चाळिशीनंतर शिकले. शब्द कुठे चुकेल. घडलं ते चुकणार नाही.

गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार. तंजावूरला मेलवीदी रस्त्यावर आमचं घर आहे, तिथे. आणि रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

मी भारती. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घरात माझा नवरा सुरेंद्र आणि माझी आई. तिला आम्ही अम्मा म्हणतो. वय ब्याऐंशी. डावा कान गेलाच आहे. उजवाही फार दिवस नाही, असं डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी घरी येऊन अम्माने ट्रंकेतून एक रेकॉर्ड काढली. तिच्या थोरल्या बहिणीची, वेंकूमावशीची. तरुणपणी कुणीतरी मद्रासला तिचं गाणं रेकॉर्ड करून ही एकच प्रत करून दिली होती. मावशी जाऊन पन्नास वर्षं झाली.

"कान आहे तोवर ऐकव गं," अम्मा म्हणाली. "मग काही नको."

जुना रेकॉर्ड प्लेअर मिळाला. पण सुईतून येणारा आवाज अगदी बारीक असतो. तो मोठा करायला एक डबा लागतो, फोनो प्रीअॅम्प. तो मी स्वतः बनवला.

गाणं आलं. पण त्याच्याखाली...

घूंऽऽऽ.

सतत. अम्माच्या कानातलं यंत्र ती घूं गाण्याहून मोठी करायचं. दोन मिनिटांत ती यंत्र काढून ठेवायची आणि उठून जायची.

मी ट्रान्सफॉर्मर डब्यातून काढून लांब ठेवला. वायरींना पीळ दिले. अर्थिंगच्या सगळ्या वायरी एका स्क्रूवर आणल्या. घूं निम्मी झाली. गेली नाही.

एक मात्र कळलं. डब्याच्या झाकणावर तळहात ठेवला की घूं बंद. हात काढला की सुरू. यात नवल काही नाही. झाकणाला रंग होता, त्यामुळे ते खालच्या पत्र्याला नीट टेकत नव्हतं आणि घूं आत शिरत होती. ते टेकवायचं काम माझा हात करत होता.

मंगळवारी तो रंग खरवडायचा होता.

घराच्या मधोमध भांड्यांची खोली आहे. खिडकी नाही. रस्त्याचा आवाज येत नाही म्हणून सगळं तिथे मांडलं होतं. मोबाईल जवळ असला की स्पीकरमध्ये खरखर येते, म्हणून तो बाहेर ठेवला. पावसाने दार फुगलं होतं. जोर लावून बंद केलं.

सुरेंद्र ऑफिसात. अम्मा हॉलमध्ये, यंत्र काढून झोपलेली.

प्रीअॅम्प चालू केला. रेकॉर्ड लावली नव्हती. नुसती घूं.

मी खाली बसून स्क्रूड्रायव्हर शोधत होते. पिशवीत दोन्ही हात.

आणि...

घूं थांबली.

मी वर बघितलं. डबा टेबलावर होता. दिवा लागलेला. मला वाटलं, वायर निसटली असेल.

घूं सुरू झाली.

मग परत थांबली.

मी उठून वायरी बघितल्या. सगळ्या घट्ट. मागे सरकले, भिंतीला टेकले, दोन्ही हात छातीशी धरले. माझ्यात आणि डब्यात पाच फूट अंतर होतं.

घूं चालू...

बंद.

चालू...

बंद.

अगदी तशी, जशी मी हात ठेवून आणि काढून बघत होते. गेले आठ दिवस मी तेच करत होते. माझ्यासमोर कुणीतरी तेच करून बघत होतं.

मी दाराकडे गेले. कडी निघाली. दार निघेना. दोन्ही हातांनी ओढलं. मूठ सैल होऊन हातात आली.

"अम्मा!"

तिला ऐकू जाणार नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी दार बडवत राहिले.

पाठीमागे शांत होतं. कितीतरी वेळ शांत.

मग घूं सुरू झाली. आणि या वेळी थांबलीच नाही.

तेव्हा मला कळलं, की शांत असतं तेव्हा ते डब्यापाशी असतं.

घूं चालू असते तेव्हा... ते डब्यापाशी नसतं.

खोली दहा बाय आठची. मी दाराला पाठ लावून उभी. खोलीत काही दिसत नव्हतं. पितळेची भांडी, टेबल, माझी चप्पल.

इतक्यात करंट गेला.

काळोख. घूंही गेली. आता ते कुठे आहे, हे कळायची सोयच राहिली नाही. मी तिथेच खाली बसले, गुडघे पोटाशी घेतले. उजव्या बाजूला एका तपेल्याचं झाकण हललं. मग त्याच्या अलीकडचं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. करंट आला, दिवा लागला. खोली होती तशीच. घूं चालू.

मला ती सहन होईना. कशीही करून बंद व्हायला हवी होती. प्लग डब्याच्या मागे, भिंतीत होता. तिथवर हात घालायचा धीर झाला नाही. मी चार पावलं टाकली आणि झाकणावर तळहात ठेवला.

शांत.

रडू आलं मला. बरं वाटलं म्हणून. थोड्या वेळाने मी हात काढला.

घूं आली नाही.

झाकण माझ्या समोर होतं. त्यावर माझा हात नव्हता.

साडेपाचला सुरेंद्र आला आणि खांद्याने दार उघडलं. मी त्याच जागी उभी होते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"झाकण आपोआप बसलं असेल," तो म्हणाला. "चांगलंच झालं की."

दुसऱ्या दिवशी मी मीटर लावून बघितलं. झाकण आणि पत्रा, जोड नाही. रंग तसाच. म्हणजे घूं यायला हवी. येत नाही.

अम्मा आता रोज दुपारी त्या खोलीत बसते. हॉलमधला रस्त्याचा आवाज तिच्या यंत्रात घुसतो, म्हणून तिला तीच खोली हवी. मावशीचं गाणं लागतं. मागे बारीकसाही आवाज नाही. पहिल्या दिवशी तिने माझा हात धरला. "किती साफ केलंस गं," म्हणाली.

मी काय सांगणार? डबा मोडून टाकावा तर तिचं गाणं जाईल. अजून थोडेच दिवस तिला ऐकू येणार आहे.

मी दुपारचे तास बदलून घेतलेत. दार काढून ठेवलंय. गाणं संपेपर्यंत मी तिच्या खुर्चीला हात लावून उभी असते.

गेल्या शुक्रवारी गाणं ऐन रंगात असताना घूं आली.

अम्मा डोळे मिटून बसली होती. मी तिला उठवायला वाकले.

ती डोळे न उघडता हळू आवाजात म्हणाली, "भारती, खांद्यावरचा हात काढ गं. जड होतोय."

माझे दोन्ही हात खुर्चीवर होते.