फक्कीत आखलेली खोली

नकाशा लोकांना कळत नाही. दोन रेषा म्हणजे भिंत आणि रेषा तुटली तिथे दार, असं कितीही घसा फोडून सांगा, समोरचा माणूस मान डोलावतो आणि शेवटी विचारतो, "ते सगळं ठीक हाय मॅडम, पण दिसणार कसं?" म्हणून मी जरा जिव्हाळ्याचं काम असलं की कागद बाजूला ठेवते आणि नकाशा सरळ जमिनीवर काढते, खऱ्या मापात. फक्की घ्यायची, म्हणजे कबड्डीच्या मैदानावर मारतात ती चुन्याची पावडर, आणि आख्खी इमारत आखून टाकायची. दाराच्या जागी रेषा तोडायची आणि दार कुठल्या बाजूला उघडणार ते दाखवायला एक पाव गोल ओढायचा. मग लोकांना म्हणायचं, चला, फिरा आता आत.

मी उत्कर्षा. बोईसरला एका फरसाणवाल्याच्या वर माझं ऑफिस आहे. वडील साताऱ्याहून पॉवर स्टेशनच्या नोकरीला आले, मी इथल्याच कॉलनीत वाढले, आर्किटेक्ट झाले आणि तेव्हापासून कारखान्यांच्या शेड काढतेय. शेड, कँटीन, शेड, टॉयलेट ब्लॉक, पुन्हा शेड. त्यामुळे तारापूरहून नरहरीकाकांचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत नीट बसूच शकले नाही. काकांच्या घराण्याच्या चिकूच्या वाड्या पिढ्यानपिढ्यांच्या. तारापूरच्या किल्ल्याच्या तटामागे, खाडीच्या बाजूला त्यांची एक मोकळी जागा होती. ती त्यांना तारापूर, चिंचणी, घिवलीच्या पोरांसाठी द्यायची होती. अभ्यासाला बसायला खोल्या, पुस्तकं, कॉम्प्युटर, हाताने काही करून बघायला एक वर्कशॉप. पोर्तुगीजांच्या तटाला लागून मला पोरांसाठी इमारत बांधायला मिळणार होती! आनंदाने मी त्या दिवशी खालून किलोभर जिलेबी मागवली आणि निम्मी एकटीने संपवली.

अट एकच होती. "रविवारी गावातली चार मोठी माणसं बोलवतो," काका म्हणाले. "त्यांना पटलं तर तिथंच कागदावर सही. नाय पटलं तर पुतण्या लग्नाच्या लॉनसाठी मागं लागलाय. मग मी तरी किती दिवस त्याला नाय म्हणू?"

नकाशा मी एकटीने केला नाही. पोरांना विचारून विचारून केला. नीलेश बोईसरच्या कारखान्यात कंत्राटावर होता आणि सरकारी परीक्षांची तयारी करत होता. त्याला लांब टेबल हवं होतं, पाय पसरून बसता येईल असं. घिवलीची स्वरा नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. तिच्या घरी एकच खोली, त्यात पाच माणसं आणि एक टीव्ही. तिने फार विचार केला आणि म्हणाली, "ताई, एक खोली अशी पायजे जिथं कोणी येऊन काय करतेस म्हणून इचारत नाय."

मी तिच्यासाठी एक छोटी खोली काढली, एका माणसापुरती. बाजूला खिडकी नाही, कारण खिडकी आली की डोकावणारे आले. उजेड वरून, छताच्या झरोक्यातून. झरोका जमिनीवर आखता येत नाही, म्हणून फक्कीत तेवढा आला नाही. बाकी इमारत मी आणि नीलेशने एका सकाळी दोरी, खुंट्या आणि फक्कीचा डबा घेऊन उभी केली. उभी म्हणजे आडवीच. पण मला ती उभी दिसत होती.

पहिल्या दिवशी पोरं खुशाल भिंतींतून आरपार जात होती. मी कमरेवर हात ठेवून ओरडत होते, "अरे, दारातून जा की, भुतं आहात का?" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवसापासून मला ओरडावं लागलं नाही. दारापाशी चपलांची रांग दिसायला लागली. उघड्या मैदानावर, एका तुटक्या रेषेपाशी, नीट लावून ठेवलेल्या चपला. पुढे तर अशी गंमत की चेंडू आत गेला तरी पोरगं वळसा घालून दाराने आत जाई आणि दारानेच बाहेर येई. मला काय, मी खूशच. इतक्या वर्षांत माझा नकाशा इतका कोणाला समजला नव्हता.

नरहरीकाकांच्या जयवंतीकाकी एकदा चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि रेषेबाहेर थांबून म्हणाल्या, "दार उघडा गं कोणीतरी, हात अडकलेत." नीलेशने उठून हवेतलं दार ओढलं. काकी आत आल्या. चहा देताना त्या हसल्या नाहीत, तेव्हा मला जरा नवल वाटलं. पण म्हातारी माणसं चेष्टाही गंभीरपणे करतात.

वाऱ्याचं लक्षात यायला मला उशीर झाला. खाडीवरून दुपारी असा वारा सुटतो की तटावरचे ताड सळसळत राहतात आणि सुकायला टाकलेल्या मासळीचा वास थेट तोंडावर येतो. मी वाचनालयात, म्हणजे वाचनालयाच्या रेषांच्या आत, मांडी घालून बसले होते. ट्रेसिंग पेपर पुढ्यात पसरला होता आणि त्यावर मी दगड ठेवलाच नव्हता. कागद हलत नव्हता. मासळीचा वासही नव्हता. चुन्याचा आणि ओल्या विटांचा येत होता. मी कागद उचलला, दाराने बाहेर आले, आणि तो हातातून असा उडाला की नीलेशला तटापर्यंत पळावं लागलं.

मला वाटेल ते खपत नाही. मी मापाने चालणारी बाई आहे. तटाच्या आडोशाने वाऱ्याचा एखादा शांत कोपरा तयार होतो, हे मी स्वतः ज्युनिअरना शिकवलंय. मी तेच स्वतःला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मला शोधाशोध नकोच होती. अंगात नुसती उकळी फुटत होती. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तुझं लक्ष कुठंय?" मी म्हटलं, "वाचनालयात."

शनिवारी दुपारी स्वरा छोट्या खोलीतून बाहेर आली ती डोळ्यांवर आडवा हात धरून.

"काय झालं गं?"

"ऊन लागलं डोळ्यांला." तिच्या डोळ्यांतली बाहुली मोठी झाली होती, काळोखातून आलेल्या माणसाची होते तशी. "ताई, खोली झ्याक हाय. पण लाइट कुठं बसवणार? आत वाचाया होत नाय."

मैदानावर टळटळीत ऊन होतं. मी तिच्याकडे बघितलं, खोलीच्या चार रेषांकडे बघितलं. "वरून उजेड देणार आहोत," मी म्हटलं. "तो आखायचा राहिलाय." ती समाधानाने मान हलवून गेली. मी मात्र त्या रेषांपाशी थोडा वेळ उभी राहिले आणि आत पाऊल टाकलं नाही.

रविवारी सकाळी मंडळी आली. नरहरीकाका पांढऱ्या सदऱ्यात, खिशात घडी केलेला दानपत्राचा कागद. बरोबर गावातली चार वडीलधारी माणसं, त्यांत शांतारामभाऊ म्हणून एक सगळ्यात खडूस. मी त्यांना दाराने आत नेलं. सगळ्यांनी न सांगता चपला काढल्या. वर्कशॉप पाहिलं, वाचनालय पाहिलं, वर बघून छताची उंची विचारली. मला कळत होतं, काम फत्ते झालंय. मी इतकी भरभर बोलत होते की काकांनी दोनदा हाताने हळू म्हणून खुणावलं.

छोट्या खोलीपाशी शांतारामभाऊ थांबले. आत स्वरा गुडघ्यांवर पुस्तक घेऊन बसली होती. "याचं दार दक्षिणेला हाय," ते म्हणाले. "पोरं शिकणार तिथं दक्षिणेचं दार नाय चालायचं."

वास्तुशास्त्राचं नाव काढलं की माझं डोकं सणकतं. पण सही समोर दिसत होती. मी गोड आवाजात म्हटलं, "त्यात काय, आत्ता पूर्वेला घेऊ. नीलेश, हे दार बुजव."

नीलेशने डबा उपडा करून रेषेतली फट भरून टाकली. खोलीला चारी बाजूंनी रेषा झाली. तेवढ्यावर डबा संपला. "दुसरी थैली आणतो," म्हणून तो मोटारसायकलला किक मारून नाक्याकडे गेला. स्वरा आतच आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दिसत होतं म्हणून कोणाच्या मनात काही आलं नाही.

काकांनी कागद काढला. "स्वरा, ये बाय. तुझ्यासमोर सही करतो."

तिने मान वर केली नाही. ती हातभर अंतरावर होती.

मग तिने पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. थोड्या वेळाने मिटलं. उठून उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे करून चाचपडायला लागली. तिचे तळवे हवेत सपाट टेकले आणि सरकत राहिले. पहिलं दार होतं तिथे आले, थांबले, पुन्हा तिथेच फिरले. तिचं तोंड उघडत, मिटत होतं. आवाज नव्हता.

"नाटक बाकी झ्याक करते पोरगी," शांतारामभाऊ म्हणाले. बाकीचे हसले.

एक क्षण, एकच क्षण, मलाही आनंद झाला. माझी भिंत उभी राहिली होती.

मग मला जमीन दिसली. आमच्या सगळ्यांच्या सावल्या पायाशी पडल्या होत्या. तिची नव्हती.

ती आता मुठींनी मारत होती.

मी तिला धरायला हात पुढे केला. हात रेषेवर थांबला. बोटांना गार, खरबरीत काहीतरी लागलं. गिलावा न केलेली वीट लागते तसं.

मी खाली बसले आणि रेषा पुसायला लागले. तळव्याने, ओढणीने, पायाने. फक्कीचा कणही राहिला नाही. नुसती माती उरली. मी हात घातला. वीट तिथेच होती.

"बाय, काय करतेस?" काकांचा आवाज बदलला होता.

भिंत पुसून दार होत नाही. इतकी साधी गोष्ट. दार आखावं लागतं.

फक्की नव्हती. मी धावले, टॉयलेटच्या भिंतीची रेषा दोन्ही हातांनी मातीसकट खरवडली, ओंजळ भरून आणली. पूर्वेच्या बाजूला गुडघ्यांवर बसले. एक चौकटीची खूण. मधे जागा सोडली. दुसरी खूण. मी मनाशी बजावत होते, माप चुकवू नकोस, दार बाहेर उघडू दे. मग पाव गोल ओढला.

आत स्वरा भिंतीला धरून धरून येत होती. कोपरा आला. वळली. तिचा हात कमरेच्या उंचीवर थांबला, बोटं मिटली, मनगट फिरलं.

ती बाहेर आली. येताना उंबरठ्यावरून पाय उचलून टाकला. तिची सावली पायाशी येऊन पडली.

मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की ती गुदमरली. ती घामाने निथळत होती. "किती हाका मारल्या, ताई. कोणी आयकंच ना."

"आता नाही," मी म्हटलं. "आता दार आहे." मी रडत होते आणि हसतही होते.

मंडळींना ते सगळंच फार आवडलं. दार नसलं की काय होतं ते मॅडमनी पटवून दिलं, असं शांतारामभाऊ म्हणाले आणि त्यांनीच आधी टाळी वाजवली. काकांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मला मिळाली. माझी इमारत मला मिळाली. ऊर असा भरून आला की पाठीमागे छोट्या खोलीकडे बघायचं मी टाळलं, आणि ते मला जमलंही.

"मग बाय," काकांनी पेन खिशाला लावत विचारलं, "काम सुरू कवा करायचं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात स्वराने माझी बाही ओढली. "ताई, हे निघंल ना? कुर्ता नवा हाय."

तिने दोन्ही तळवे पुढे केले. ते निळे झाले होते. फिका, आकाशी निळा. कोपरापर्यंत ओघळ आले होते. भिंतींच्या रंगाबद्दल आम्ही अजून एक शब्दही बोललो नव्हतो.

मी बोट लावून पाहिलं. ओला होता.