पहिल्या जागेवरचं बटण

गोष्ट भरदुपारची आहे, बरं का. असल्या गोष्टी काही घड्याळ बघून घडत नाहीत.

एका मोठ्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर एक कंट्रोल रूम होती. तिला खिडकी नव्हती. तिथे एक बाई दिवसभर एकाच पडद्यासमोर बसायच्या. ऑक्सिजन, वीज, पाणी, लिफ्ट, तळघरातला पंपाचा खड्डा, सगळ्यांची खबर त्या पडद्यावर यायची. प्रत्येकाची चौकट वेगळी, आणि प्रत्येक चौकटीचं एक बटण पडद्याच्या तळाशी ओळीत. त्यांच्याआधी त्या खुर्चीवर अण्णा बसत. तोंडात कायम लवंग. त्यांनी शिकवलं होतं, "पोरी, नाव वाचत बसू नकोस. जागा लक्षात ठेव. डोळ्याआधी बोट पोचलं पाहिजे." अण्णा मागच्या महिन्यात वारले. बाईंच्या बोटांना लागलेली सवय तेवढी राहिली.

पण कॉम्प्युटर नवा आला. एखादी चौकट बंद करून पुन्हा उघडली की तिचं बटण ओळीच्या शेवटी जाऊन बसे, रांगेत उशिरा आलेल्या माणसासारखं. बोट चुकायला लागलं. बाईंचा धाकटा दीर कॉम्प्युटरचंच काम करी. त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. बटण हललं की प्रोग्राम त्याला मुकाट्यानं उचलून आपल्या जागी ठेवायचा. ऑक्सिजन पहिला, खड्डा सगळ्यांत शेवटी.

त्या दुपारी बाईंचा नवराच त्या खड्ड्यात उतरला होता. पंपदुरुस्ती हे त्याचं काम. कमरेला दोर, दोराचं टोक वर प्लंबरच्या हातात. हवा मोजणारं यंत्र आत सोडलेलं, पण त्याची घंटा बिघडलेली.

"तू वर पडद्याकडे बघत बस म्हणजे झालं," जाताना तो म्हणाला.

"बघते. पण लवकर या हं. डबा एकटीनं उघडणार नाही मी."

मग वॉर्डांतून फोन सुरू झाले. कुठे पाणी नाही, कुठे दिवे नाहीत. त्या घाईत खड्डा मागे पडला. ऑक्सिजन बघायला म्हणून बाईंचं बोट सवयीनं पहिल्या जागेवर गेलं, आणि उघडली खड्ड्याची चौकट. हवेचा काटा हिरव्यातच होता. बाईंनी ते बटण ओढून शेवटी नेऊन ठेवलं.

ते पुन्हा पुढे आलं. हळूच... बाकीची बटणं बाजूला सरकली, मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी.

खोली गार पडली होती. आणि वास... लवंगेचा.

बाईंनी दिराला फोन लावला. "भाऊजी, तुमचा प्रोग्राम अंगात आल्यासारखं करतोय."

"तो कसा करेल, वहिनी? नवा घालायचा म्हणून सकाळीच काढून टाकलाय मी. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"अहो, मग सकाळपासून बटणं जागेवर कोण ठेवतंय?"

"मी येतो," दीर म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला. हात मांडीवर होते. तरी पहिलं बटण आपोआप दाबलं गेलं. काटा हिरव्यातून निसटला होता आणि लाल पट्ट्याकडे घसरत होता.

त्यांनी प्लंबरला फोन केला. "ओढा! ओढा त्यांना वर!"

"ताई, अहो, आत्ता तर हाक दिली त्यांनी..."

"ओढा म्हणते ना!"

फोनमधून दोराची करकर ऐकू येत राहिली. मग धाप. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग कुणीतरी जोरात खोकलं.

"आहेत, ताई! शुद्धीवर आहेत!"

बाईंनी टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.

तासाभरानं डॉक्टरांनी तपासून सोडलेला नवरा त्यांच्या शेजारी चहा पीत बसला होता. चेहऱ्यावर रंग परतला होता. दीर म्हणाला, "दादा, वहिनीचा तुझ्यावर एवढा डोळा असतो. जपून राहा बाबा." तिघंही हसले, जरा जास्तच हसले. जीव भांड्यात पडला की माणूस तसं हसतो. बाईंनी पडद्याला हात जोडले. "अण्णा, झालं काम. आता निवांत घरी जा."

लिफ्टचं बटण सरकत पहिल्या जागेवर आलं.

हसू थांबलं. दिरानं चौकट उघडली. लिफ्ट त्यांच्याच मजल्यावर उभी होती. दार मिटत होतं, आणि वजनाचा आकडा एका माणसाचा होता. बाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं.

लिफ्ट खाली निघाली. तळमजल्यावर न थांबता थेट तळघरात गेली. दार उघडलं. आकडा दुप्पट झाला. मग ती वर तळमजल्याला आली, दार पुन्हा उघडलं आणि आकडा शून्यावर आला.

"दादा," दीर हळूच म्हणाला, "खड्ड्यात तू एकटाच होतास ना?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला. "आता तिथं कुणी नाही," एवढंच तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ आपल्या घोट्यावर उमटलेले बोटांचे वळ चोळत राहिला.