राजहंसांचं पान

ही रचलेली गोष्ट नाही. माझी मावसबहीण शुभदा उगाच काही सांगणाऱ्यातली नाही. हे सांगताना तिच्या हातातला चहा गार होऊन गेला.

लोणावळ्यातल्या एका छोट्या खासगी संग्रहालयात ती जुनी पुस्तकं सांभाळते. तिथं आयर्लंडच्या पुराणकथांचं एक जाडजूड पुस्तक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात, बुरशी धरू नये म्हणून, ती रोज त्याची पानं उलटायची.

साफसफाईला पवनानगरहून विठाबाई यायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची चौदा वर्षांची मुलगी पायल तिथल्या धरणात बुडाली होती.

सापडलीच नाही.

एक दिवस विठाबाई एका चित्रापाशी थबकल्या. तळ्यात चार मुलं... अर्धी माणसं, अर्धी पांढरे पक्षी.

"ही पोरं कुनाची वो, ताई?"

"राजाची. सावत्र आईनं शाप देऊन त्यांचे राजहंस केले. नऊशे वर्षं पाण्यावरच राहिली. आवाज तेवढा माणसाचा उरला."

"म्हंजी... बोलायची ती?"

"हो."

दुसऱ्या दिवशी शुभदानं कपाट उघडलं, तर तेच पान ओलं...

फक्त तेवढंच.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली तिच्याकडे. तिनं पान टिपून वाळवलं.

पुन्हा ओलं. आणि वास... धरणाच्या गाळाचा.

आठवड्यानं विठाबाई हळूच म्हणाल्या, "ताई, पायल बोलती. पान्यावरनं. लय गार लागतंय म्हनती."

शुभदानं कपाटाकडे पाहिलं.

"त्या पोरांचं म्होरं काय झालं?"

खोटं सांगता आलं असतं. तिला जमलं नाही. "शाप सुटला. पुन्हा माणसं झाली. पण म्हातारी होऊन... लगेच गेली."



"म्हंजी सुटली," विठाबाई म्हणाल्या. "नऊशे वर्सं माझी पोर गारठत ठिवू व्हय मी?"

१७ सप्टेंबर, रविवार. दुपारचे चार. दोघी धरणाच्या काठावर उभ्या होत्या. एकटीला जमायचं नाही म्हणून विठाबाईंनी शुभदाला सोबत नेलं होतं.

त्यांनी पायलचा शाळेचा स्वेटर पाण्यात सोडला.

"जा बाय आता. माझी काळजी करू नगंस."

वारा पडला. पलीकडच्या काठावर सहलीला आलेल्यांच्या तंबूंतली गाणी एकाएकी बंद झाली.

मग... अगदी जवळून... एका मुलीचा आवाज.

विठाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"जाते म्हनली! ऐकलं न्हवं, ताई? जाते म्हनली माझी बाय!"

शुभदानं मान डोलावली.

त्या दिवसापासून आवाज नाही. पानही कोरडं आहे. विठाबाई आता दोन घास नीट जेवतात.

शुभदाला मात्र झोप लागत नाही. कारण तो आवाज तिनंही ऐकला होता. स्वच्छ.

"आई, मला नको ना घालवूस..."

विठाबाईंना तिनं हे अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं आणि विचारलं, "मी गप्प राहिले, ते बरोबर केलं ना गं?"