विवाहवजावट

निमखेडात मुहूर्त आधी गुरुजींना विचारायचा आणि मग कणवलयाच्या कचेरीत कळवायचा, अशी आता रीतच पडली होती. कणवलय म्हणजे गावाखालचा प्रचंड गोल बोगदा. त्यात इलेक्ट्रॉन घिरट्या घालत, आणि त्यांची ऊर्जा अब्जांशापर्यंत अचूक मोजावी लागे. पण वरची जमीन केसभर हलली तरी वलय ताणलं जाई आणि ऊर्जा बदले. चंद्र जमीन ओढतो, भरलेलं धरण दाबतं, आणि खटावकर मंगल कार्यालयात पंगत बसली की तीही दाबते. म्हणून प्रत्येक लग्नाचा परिणाम आधीच अंदाजून मोजणीतून काढून टाकत. याचं नाव विवाहवजावट.

कार्यालयाचे मालक सोपानराव खटावकर यांना इतरांची लग्नं वजा होण्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. आपल्या एकुलत्या एका लेकीचं, केतकीचं मात्र वजा होता कामा नये. जमिनीला कळलं पाहिजे.

ऊर्जामापन सांभाळणाऱ्या डॉ. मृदुला आगटे यांनी त्यांना समजावलं, की इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीत किती डुलला यावरून ऊर्जा कळते, आणि त्या डुलण्यात जिलबीचं दुसरं वाढपसुद्धा दिसतं.

"मग केतकीचं लग्न दिसेल?"

"वजा करून काही उरलं, तर."

सोपानराव कामाला लागले. नवरदेवाची वरात रोडरोलरवरून काढली. अक्षता टाकताना अख्ख्या वऱ्हाडाने एकदम पाय आपटायचा, असं ठरवून केतकीच्या मामांना सगळ्यांची तालीम घ्यायला लावली. लग्न आहे की कवायत, असं व्याही म्हणाले. पण पाय त्यांनीही आपटला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या पडद्यावर रेघ सपाट होती.

"फार सुरेख वजा झालं हो," आगटेबाई म्हणाल्या.

"आणि रोडरोलर?"

"वेगळं लग्न करणाऱ्यांचं सूत्र वेगळं असतं. तुमचं त्यात अगदी चपखल बसलं."

या लग्नात वर्षातली सर्वांत शुद्ध मोजणी मिळाली होती, म्हणून बाईंनी पेढे आणले होते. सोपानरावांनी एक खाल्ला, दुसरा खिशात टाकला आणि ते परतले.

कार्यालयात मांडव रिकामा होता. केतकी सासरी गेलेली. कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी चपला काढल्या आणि मांडवाच्या मधोमध जीव खाऊन उडी मारली. गुडघा कटकन वाजला. तसेच लंगडत त्यांनी बाईंना फोन लावला. आत्ता काही दिसलं का?

बाईंनी पडदा पाहिला असावा.

"नाही. पाठवणीनंतर रिकाम्या मांडवात वधूपित्याची उडी, ती आम्ही वजावटीत धरतोच."