पेनानं भरलेले चौकोन

दोन हजार एकोणीस साल होतं. दिवाळी उलटली होती, बाजारात नवा तांदूळ आला होता, आणि कुडव्यातली माणसं सकाळी दारापुढं काटक्या पेटवून शेकत बसू लागली होती. गोंदियाला चिकटून असलेल्या या वस्तीत बिसेनांचं घर आहे. मूळ शेती अर्जुनी मोरगावकडची. ती कसायला देऊन घर इकडं आलं, त्यालाही बरीच वर्षं झाली.

त्या घरात दोन म्हाताऱ्या जावा होत्या. मोठी सुखवंता, प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. धाकटीला सगळे धाकटीच म्हणत, आणि पोरंसोरं काकी. दोघींचे नवरे कधीचेच गेलेले. धाकटीला मूल झालं नाही. सुखवंताचा एकच मुलगा धनलाल. त्याचं गोंदियात नळाच्या सामानाचं दुकान. त्याची बायको रुख्मा सारं घर सांभाळायची.

केवलराम सायकलवरून नागपूरचा पेपर फेकून गेला की जावांचा दिवस सुरू व्हायचा. बातम्या धनलालसाठी. जावांना फक्त शब्दकोडं हवं असायचं. छपरीत सतरंजी टाकून दोघी बसत. डोळे धाकटीचे चांगले, अक्षर मोठीचं. म्हणून धाकटी सूचना वाचायची आणि सुखवंता भरायची. पेन्सिल चालत नसे.

"पेन्सिलनं सोडवते तो भेकड," सुखवंता म्हणायची. "लिवलं तं लिवलं."

दुसरा नियम, एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. कोडं अर्धं टाकून उठणं म्हणजे ताटात भात टाकून उठणं. अडलेला शब्द दिवसभर घरात फिरायचा. रुख्माला विचारून व्हायचं, भाजीवाल्याला विचारून व्हायचं, भिंतीपलीकडच्या सुशिलाबाईला हाक मारून व्हायचं. सुशिलाबाईही तेच कोडं सोडवायची, पण एकटी, आणि पेन्सिलनं.

"राजस्त्रियांचा महाल, चार अक्षरं," धाकटी वाचायची. "जनानखाना."

"तुह्या जनानखान्याले पाच चौकोन लागतात. बसव कुठं बसवते ते." आणि सुखवंता ऐटीत लिहायची, अंतःपुर.

एकदा 'उपवासाचा पदार्थ, तीन अक्षरं' आलं. दोघींनी एका आवाजात भगर म्हटलं आणि ठासून लिहिलं. त्यापायी उभे शब्द सगळे वाकडे झाले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वरई.

"वरई म्हणे! हा कोडं बनवनारा पुन्याचा दिसते," सुखवंता दिवसभर धुसफुसली. "भगर म्हनाले याची जीभ झडते का?" धाकटी हसून हसून खोकत राहिली.

त्या हिवाळ्यात सुखवंताचं विसरणं सुरू झालं. गॅसवर दूध ठेवून ती अंगणात जाऊन बसायची. झालेली आंघोळ पुन्हा करायची. धनलालनं तिला गोंदियातल्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि विचारलं, दिवसभर करतात काय? शब्दकोडं म्हटल्यावर ते खूश झाले. म्हणाले, यासारखं औषध नाही. बंद पडू देऊ नका.

धाकटीनं ते मनावर घेतलं. मोठी जाऊ हेच तिचं माणूस होतं. उद्या सुखवंतानं आपल्याला ओळखलं नाही तर या घरात आपलं काय, हा विचार तिला जेवतानासुद्धा सोडायचा नाही. तिनं वाण्याकडून रद्दीतले पेपर आणले. सकाळी ताजं कोडं, दुपारी रद्दीतलं. सुखवंता भराभरा भरत होती, आणि धाकटीला वाटत होतं की तिच्या डोक्याला धार लागते आहे.

एका सकाळी 'पीठ चाळण्याचे साधन' आलं. सुखवंतानं 'चाळणी' लिहिलं. त्याच दुपारी ती रांधणीत उभी राहिली आणि भिंतीकडं बोट दाखवून म्हणाली, "थे दे ना. थे छेदाछेदाचं."

"चाळनी?"

सुखवंतानं तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला.

मग 'पारवा' गेला. 'पाळणा' गेला. धाकटी आता नीट पाहू लागली होती, आणि जे दिसत होतं ते उलटंच होतं. कोड्यात जो शब्द सुखवंताला अडायचा तो तिच्या बोलण्यात शाबूत असायचा. उंबरठा काही केल्या सुचला नाही, आणि थोड्याच वेळानं ती रुख्माला ओरडली, "उंबरठ्यावर बसून तांदूळ कायले निवडून राहिली?" जो शब्द तिनं आपल्या हातानं लिहिला, तोच संध्याकाळपर्यंत जायचा. लिहिला की गेला.

धाकटीनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

मग ती भाजी आली. इकडं धानाच्या बांधावर एक पालेभाजी उगवते. देठ लाल, चव आंबट. ती तुरीच्या डाळीत घालतात. कोड्यात तिची सूचना आली, तेव्हा सुखवंता टाळी वाजवून म्हणाली, "आता आला हा आपल्या गावले!" आणि तिनं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रुख्मा बाजारातून आली. पिशवीतून तीच भाजी काढून ओट्यावर ठेवताना ती म्हणाली, "काकी, हिले का म्हनतात?"

धाकटीनं तोंड उघडलं. लहानपणापासून खाल्लेली भाजी. जिभेवर चव होती, शब्द नव्हता.

"भाजीवालीले विचाराचं ना."

"विचारलं तं. ते म्हने, घ्या ना बाई, हे आंबटवालं. सारेच बोट दाखवून मांगत होते." रुख्माला त्याचं काही विशेष वाटलं नाही. ती देठ खुडू लागली.

आजही गोंदियाच्या बाजारात ती भाजी बोट दाखवूनच घेतात.

त्या दिवशी धाकटीनं पेपर लपवला. दुसऱ्या दिवशीही लपवला. सुखवंता फाटकाशी जाऊन उभी राहायची, केवलरामची सायकल गेलेली बघायची आणि छपरीत येऊन नुसती बसायची. तिनं जेवण सोडलं. घास पुढं केला की तोंड फिरवायची. धनलालला कळलं तेव्हा तो भडकला.

"डॉक्टरनं का सांगलं होतं काकी? आनि तुमी पेपर दडवून राहिल्या?"

"धनलाल, ते लिवते ना, ते जाते रे. मी पाह्यलं आहे."

"का जाते?"

"शब्द जाते."

धनलालनं रुख्माकडं पाहिलं. रुख्मानं मान खाली घातली. "काकी," तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुमीही एकदा डॉक्टरले दाखवून घ्या."

पेपर पुन्हा सुरू झाला. मग धाकटीनं दुसरा उपाय काढला. सूचना वाचायची तीच होती. ती खोट्या सूचना वाचू लागली. कागदावर 'आकाश' असलं, तर ती कुठल्या तरी राजाच्या पणजीचं नाव विचारायची. सुखवंता कपाळाला आठ्या घालून बसायची, पेनाचं टोपण चावायची, आणि चौकोन रिकामे राहायचे. "मंग भरू, बाई, मंग भरू," धाकटी म्हणायची आणि पेपर घडी करून ठेवून द्यायची.

शब्द जायचे थांबले. पण सुखवंताही थांबल्यासारखी झाली. पूर्वी ती कोड्यावर झुकून बसायची, आता भिंतीला टेकून बसू लागली.

"आजकाल काऊन एवढं कठीन देऊन राहिले?" एकदा तिनं विचारलं. "का मलेच येत नाई आता?"

"कठीनच देतात, बाई."

"मी पोरांले शिकवत होतो व," सुखवंता म्हणाली. आणि टोपण लावून तिनं पेन सतरंजीवर ठेवलं.

संक्रांतीच्या मागेपुढे एक सकाळ धुक्याची आली. समोरचं चिंचेचं झाड दिसत नव्हतं. धाकटीनं पेपर उघडला आणि खोट्या सूचना जुळवण्यासाठी आधी सगळं कोडं मनात वाचून काढलं. आडव्या शब्दांच्या शेवटी लिहिलं होतं:

'कुडव्याच्या धाकट्या जावेचे माहेरचे नाव. चार अक्षरे.'

तिनं ते पुन्हा वाचलं. छपाई नेहमीचीच होती. वर नदीची सूचना, खाली 'उत्तर उद्याच्या अंकात'.

त्या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून तिला नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं. सासरी तिला दुसरं नाव ठेवलंच नाही, कागदोपत्रीही माहेरचंच राहिलं. सासूनं धाकटी म्हटलं, नवऱ्यानं अगं म्हटलं. सुखवंतानंच, दोघी एकट्या असल्या की, तिला माहेरच्या नावानं हाक मारली. आजारी पडली तेव्हा, नवरा गेला तेव्हा, आणि विहिरीवर चेष्टा करतानासुद्धा.

धाकटीनं ती सूचना गाळली. बाकीच्या खोट्या वाचल्या. पेपर घडी करायला घेतला.

"थांब," सुखवंता म्हणाली. "ते खालचं काऊन सोडलं?"

"काई नाई, बाई. नदी आहे कोनती तरी."

"आन इकडं."

तिनं पेपर ओढून घेतला. रुख्माचा चष्मा सतरंजीवर पडला होता, तो नाकावर चढवला. ओठ हलवत ती वाचू लागली. धुक्यातून कोणाची तरी मोटरसायकल गेली.

आणि सुखवंता हसली.

किती दिवसांनी हसली ती! सगळा चेहरा उघडला.

"अव, हे तं सोपं आहे!" ती म्हणाली, आणि धाकटीकडं बघून तिनं तिला नावानं हाक मारली. स्पष्ट, पूर्ण, शाळेत हजेरी घेतल्यासारखी. "तुहं नाव आलं पेपरात!"

धाकटीनं तिचं मनगट धरलं.

"नोको लिवू, बाई."

"सोड ना. मले येते हे."

"तुह्या पाया पडतो. नोको लिवू."

"मले येते व," सुखवंता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं होतं.

धाकटीची बोटं सैल झाली.

पहिलं अक्षर. सुंदर, वळणदार, फळ्यावर गिरवून दाखवावं तसं.

दुसरं.

तिसऱ्याला पेन अडलं. तिनं ते झटकलं.

चौथं.

सुखवंतानं टोपण लावलं. पेपर दोन्ही हातांनी पुढं धरून बघितला. मग मान वर केली आणि शेजारी बसलेल्या बाईला आदरानं विचारलं, "तुमी कोनाकडं आल्या, बाई?"

धाकटीला हे होणार हे माहीत होतं. तिनं आवाज सावरला आणि ती आपलं नाव सांगायला गेली.

तोंड उघडं राहिलं.

"रुख्मा," तिनं आतल्या बाजूला हाक मारली. "माहं नाव का आहे व?"

रुख्मा ओले हात पुसत दारात आली. "का चेष्टा करून राहिल्या, काकी?" ती हसली. मग हसता हसता तिचा चेहरा हळूहळू बदलला.

धाकटीनं पेपर घेतला. शाई होती, अक्षरं होती, काना होता, मात्रा होती. डोळ्यांना सगळं दिसत होतं. वाचता येत नव्हतं.

धुकं निवळल्यावर भिंतीपलीकडून सुशिलाबाईचा आवाज आला. "अवो, तुमचं झालं का आजचं? माहं एक राहिलं, शेवटचं." थोडं थांबून ती कुरकुरली, "आता दुसऱ्याच्या जावेचं नाव आपल्याले कसं माहीत राहीन?"

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं. त्या जागी चार काळे चौकोन होते.

त्यानंतरचं सांगायचं तर असं. केवलरामनं पेपर टाकणं सोडलं आणि तो ई-रिक्षा चालवू लागला. त्या कोड्याचं त्याला काहीच माहीत नाही. सुशिलाबाई अजून कोडी सोडवते, पेन्सिलनं. काकीचं नाव काढायला धनलाल तिला आधार केंद्रात घेऊन गेला. तिथल्या पोरानं जुनं कार्ड बघितलं, तिची बोटं मशीनवर ठेवली, पुन्हा कार्ड बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, नाम बोलो." धनलाल आणखी एकदोनदा गेला, मग त्यानं नाद सोडला. त्याचं दुकान बरं चाललं आहे. रुख्मा घरात पेपर येऊ देत नाही. वाण्याकडून पेपरात बांधून आलेली पुडीसुद्धा ती दाराबाहेर सोडते आणि कागद तिथंच टाकते.

सुखवंता दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात गेली. शेवटी ती काहीच बोलत नव्हती. शेजारच्या बाया खोलीत बसल्या होत्या, धाकटी उशाशी होती. जायच्या थोडं आधी सुखवंतानं डोळे उघडले, धाकटीकडं बघितलं आणि तिला नावानं हाक मारली. खणखणीत. खोलीतल्या साऱ्या बायांनी ऐकलं. धाकटीनं ओ दिली. बाया बाहेर आल्यावर एकमेकींना विचारत राहिल्या, पण ते नाव एकीलाही सांगता आलं नाही.

धाकटी कुडव्यातच आहे. तब्येत बरी आहे. सकाळी छपरीत बसल्या बसल्या ती मध्येच ओ देते आणि उठून आतल्या खोलीकडं जाते. रुख्मा म्हणते, कोणी हाक मारलेली नसते. निदान तिनं तरी काही ऐकलेलं नसतं. ऐकलं असलं, तर तिला आठवत नाही.