फिलरमधली मुलगी

"अहो शूटिंगवाले, नवरी कुठंय?"

हेमलतानं विचारलं आणि जिन्याआड लपलेल्या तिच्या मैत्रिणीचं, कुंदाचं हसू फुटलं. पैजच होती तशी. हा प्रश्न विचारायचा, नाहीतर महिनाभर कुंदाची जर्नलं लिहायची!

खांद्यावर भलामोठा व्हिडिओ कॅमेरा पेललेला तरुण वळला. नाव लीलाधर, गाव धुळे. एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. पण जळगावच्या या कॉलेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून फिल्मचं काम मिळालं होतं.

"नवरी नाही, फिलर घेतोय," तो म्हणाला. "भाषणात लोक झोपू नयेत म्हणून मधेमधे जोडायला. जिना, वाचनालय, सायकल स्टँड…"

"आणि मुली?"

"नुसता जिना कोण बघेल? कुणीतरी उतरायला हवं ना…"

झालं! बारावीतली हेमलता त्या दिवशी तो जिना सात वेळा उतरली.

"जरा हळू! एसटी सुटतेय का?"

"सुटेलच हो! सव्वापाचची गेली की गावाला काय चालत जाऊ?"

तीन दिवस तो कॉलेजभर फिरला आणि तीन दिवस हेमलता नेमकी तिथेच असायची. कधी वाचनालयात उलटं पुस्तक धरून, कधी दुसरीचीच सायकल काढताना. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला कॅमेऱ्याच्या भिंगातून तिचंच चित्रण बघू दिलं.

"एवढीशी मी? आणि काळीपांढरी?"

"रंग नंतर दिसतात… टीव्हीवर."

"एवढं ओझं, तरी हात कसा हलत नाही तुमचा?"

 कडुनिंबाचं एक पिवळं पान तिच्या वेणीवर पडलं; ते काढायला उचललेला हात त्यानं तसाच मागे घेतला.

"जपायचं असलं की… नाही हलत." मग हळूच म्हणाला, "फिल्म दाखवतील तेव्हा घरच्यांना आणाल? मला भेटायचंय त्यांना. नीट, रीतीनं."

हेमलता त्या दिवशी बसमध्ये उभीच राहिली. बसायचं सुचलंच नाही तिला!

समारंभाला आबा आले, आई आली. मंचावर चार टीव्ही मांडलेले. प्राचार्यांचं भाषण सुरू झालं आणि मधेच जिन्यावर हेमलता. मग वाचनालयात हेमलता. आणि मग… टीव्हीभर एक लालभडक बदाम उमटला. बदामात तिचा चेहरा, वरून गुलाबाच्या पाकळ्या, मागे सनई!

धुळ्याच्या मिक्सिंगवाल्यानं आयुष्यभर लग्नाच्याच कॅसेटी केलेल्या. प्रत्येक शॉटमध्ये एकच मुलगी दिसल्यावर त्यानं तिला नवरी समजून हौसेनं सजवली होती. लीलाधर तेव्हा एका लग्नावर होता. त्यानं न बघताच कॅसेट कॉलेजात पोचली.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबा उठले.

"बठ्ठा गावनी देखं!" सगळ्या गावानं पाहिलं, घरी पोचल्यावर आबा एवढंच बोलले. "आते कॉलेज बंद!"

परीक्षा महिन्यावर आली होती. आठवड्यात पिंपळनेरचं स्थळ आलं. मुलगी बारावी झालीच पाहिजे असं त्यांचं काही म्हणणं नव्हतं. हेमलता चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि सकाळच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला की थापता थापता थांबायची. 

आणि कुंदाकडून सगळं कळल्यावर एका दुपारी अंगणात लीलाधर उभा राहिला. हातात मूळ कॅसेट.

"चूक मिक्सिंगवाल्याची आहे, आबा. तिचा काही दोष नाही. तिला परीक्षेला बसू द्या."

आबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "एकच विचारतो. माझ्या पोरीवर जीव आहे तुझा?"

दाराआड हेमलता कान लावून उभी होती. सांग… सांग ना रे…

"नाही, आबा." तो जमिनीकडे बघत होता. "मी फिलर घेत होतो. जिना, झाडं… तशीच ती."

त्यानं कॅसेटची फीत ओढून काढली, वावभर, दोन वाव… तपकिरी गुंता उन्हात चमकत अंगणात पडला. सगळं तिथंच होतं, सात वेळा उतरलेला जिनासुद्धा. हेमलताला मात्र फक्त त्याचा हात दिसत होता. तो थरथरत होता.

"म्हणजे नुसताच बोभाटा," आबांचा स्वर निवळला. "बसू दे पोरीला परीक्षेला. पिंपळनेरचं नंतर पाहू."

लीलाधर गेला. एकदाही मागे वळला नाही. फाट्यावर धुळ्याची बस थांबल्याचा आवाज आला, मग सुटल्याचा.

हेमलता बाहेर आली. फीत गोळा करून तिनं ओच्यात घेतली. आता त्या फितीतून ती कुठल्याच टीव्हीवर दिसणार नव्हती.

"टाक ते उकिरड्यावर," आई सुपात धान्य पाखडत म्हणाली. "सुटलीस, बाई."

"तो खोटं बोलला, आई."

सूप थांबलं.

"माझ्या परीक्षेसाठी खोटं बोलला. मला तसली परीक्षा नको." ती आबांकडे वळली. "आबा, मीच जात होते त्याच्या कॅमेऱ्यासमोर. माझ्या पायांनी. कॉलेज बंद करायचं तर करा, पण पिंपळनेरला नाही म्हणून कळवा. मी तिथं बोहल्यावर उभी राहणार नाही."