टेकवलेली खुर्ची

आग्रीलोस बंदरात कूलाचं कॉफीचं दुकान आहे. दुकानाबाहेर तुतीचं झाड, आणि झाडाची धड सावली पडते ती एकाच खुर्चीवर. बार्बा झाफिरिस त्या सकाळी तिथे आला तो काही भुताखेताच्या कामाला आला नव्हता. थोरल्या भावाची नात कॅनडाहून आली होती, मिर्तो तिचं नाव. तिला कॉफी पाजायची, एवढंच काम. बार्बा म्हणजे काका. गावात पांढऱ्या मिशीच्या प्रत्येकाला तसंच म्हणतात, पण झाफिरिसला म्हणताना लोक जरा लांब उभे राहून म्हणत. म्हातारा कधी खेकसेल त्याचा नेम नव्हता.

भावाने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "झाफिरिस, एवढी एकच आहे रे आम्हाला. उद्या सकाळच्या बोटीत सुखरूप बसवून दे."

"मी काय तिला समुद्रात बुडवणार आहे?" झाफिरिस म्हणाला होता.

तर ती सावलीतली खुर्ची. ती रिकामी असे, पण सरळ उभी नसे. पाठ टेबलाच्या कडेला टेकवलेली, मागचे पाय अधांतरी. या किनाऱ्यावर समुद्रात गेलेल्याचा देह सापडला नाही की त्याची खुर्ची अशी टेकवून ठेवतात. माणूस यायचा आहे, असा त्याचा अर्थ. देह मिळाला तर घरचे लोक खुर्ची सरळ करतात. नाही मिळाला तर ज्याची त्याने येऊन करायची. तिसऱ्याने हात लावायचा नाही. तिसऱ्याने सरळ केली तर ते बोलावणं होतं.

झाफिरिसने खुर्चीची पाठ धरली आणि धाडकन सरळ केली.

"बार्बा!" कूलाच्या हातातला ट्रे हिंदकळला. "ती नाही... ती निकिफोरोसची!"

"निकिफोरोस गेला तेव्हा तू दुपट्यात होतीस. म्हणे निकिफोरोसची! मेल्याने जिवंतपणी सावली अडवली, आता मरूनही अडवतोय. पोरीला उन्हात भाजू का मी?"

"निदान तीनदा थुंका तरी, अरिष्ट टळेल."

"तुझ्या कॉफीत थुंकू? चव तरी सुधारेल."

मिर्तो हसली आणि बसली. मग अर्धवट उठून मागे हात लावून पाहिला. "आजोबा, ओली आहे."

"तुतीचा रस असेल."

तुतीचा हंगाम कधीच सरला होता. कूला पुढे झाली. फडक्याने खुर्ची पुसली आणि ते फडकं टोपलीत न टाकता गटारात फेकून दिलं.

हा निकिफोरोस समुद्राच्या तळाचे स्पंज काढणारा पाणबुड्या. बोट किनाऱ्याला असली की गावात आलेल्या पाहुण्यांना हिंडवायचा. जीभ मधाची. झाफिरिसचीही तेव्हा लहान होडी होती, पण त्याच्या होडीत बसायला आलेले लोकसुद्धा हा बोलता बोलता वळवून न्यायचा. त्याची फेरी ठरलेली असे. आधी इथे बिनसाखरेची कॉफी, मग पावाच्या भट्टीच्या गल्लीतलं दुसरं कॉफीचं दुकान, मग संत निकोलसचं चर्च, मग धक्का. धक्क्याच्या टोकाला होडी लावलेली असायची, ती निळ्या गुहेकडे न्यायची. एका सकाळी तो खोल उतरला आणि वर नुसता दोर आला. संपलं. झाफिरिसला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण रोज सोंगट्या खेळायला दुसरा माणूस शोधावा लागला याचा राग जास्त आला.

जेवताना मिर्तो म्हणाली, "मी जरा गाव बघून येते. कॉफीची दुकानं, चर्च. उद्या तर जायचंच आहे."

"आत्ता? या उन्हात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. झोप."

"आजोबा, मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर कोंडली असती. झोप म्हणतो ना."

दुपार ही आग्रीलोसची रात्रच. खिडक्या लागतात, दारं लागतात, चुन्याच्या भिंती डोळ्यात खुपतात आणि सगळ्या गावात फक्त रातकिडे ओरडतात. रातकिडे म्हणजे नावाला, ओरडायचे भर उन्हात. म्हाताऱ्या बायका सांगतात, ही वेळ माणसांची नाही. झाफिरिस असल्या बायकांना हसायचा. तोही आडवा झाला.

त्याला जाग आली ती वासाने. ताज्या स्पंजाचा वास ज्याने घेतला तोच जाणे. ओली लोकर, कुजलेलं मांस आणि समुद्राचा तळ, सगळं एकत्र. त्या बंदरात स्पंजाच्या बोटी येऊन कित्येक वर्षं लोटली होती. उरल्या होत्या त्या सरपणाला गेल्या. तरी वास होता, खोलीतच होता.

आणि रातकिडे गप्प होते.

"मिर्तो?"

पलंग रिकामा. सपाता नव्हत्या. दाराबाहेरच्या फरशीवर तिच्या सपातांची धूळ उमटली होती आणि शेजारी अनवाणी पायांचे ओले ठसे. मोठे, रुंद, पुरुषाचे. उन्हात चटके बसणारी फरशी, पण ते ठसे वाळत नव्हते.

झाफिरिस ठशांमागे निघाला. त्याने काठीही घेतली नाही.

भट्टीच्या गल्लीत लांब्रोसचं दुकान उघडं होतं. लांब्रोस दारात खुर्चीवर घोरत होता. आतल्या टेबलावर दोन कप. एक रिकामा, दुसरा काठोकाठ भरलेला, त्यावर सायीसारखं काहीतरी जमलेलं.

"लांब्रो! ऊठ रे! पोरगी आली होती?"

"आँ? आली होती की. गेली आत्ता. बरोबर तो... गृहस्थ होता."

"कोण गृहस्थ?"

"तुमचाच कोणी असेल ना, बार्बा! तुमचं सगळं माहीत होतं त्याला. तुम्ही सोंगट्यांत हरलात की फासे खिशात घालून पळता म्हणाला." लांब्रोस हसू लागला आणि थांबला. "भला माणूस. पण एक गंमत. पोरीला म्हणाला, समोर भट्टी आहे बघ, काय खरपूस वास सुटलाय. समोर तर भिंत आहे. भट्टी भूकंपात पडली म्हणतात, मी जन्मायच्या आधी."

"चेहरा कसा होता?"

लांब्रोसने तोंड उघडलं. "बार्बा... मी त्याच्याशी बोललो. एवढं बोललो. पण चेहरा... आठवत नाही हो."

भरलेल्या कपाखालून पाणी टेबलभर पसरत चाललं होतं. कप फुटका नव्हता. झाफिरिसने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

तो चर्चकडे निघाला. पळाला म्हणायला हवं, पण ज्याचे गुडघे गेलेत त्याचं पळणं ते कसलं! दर वळणावर ठसे. आता तिच्या पावलांची धूळ वेडीवाकडी पडत होती, झोपेत चालल्यासारखी, आणि ओले ठसे तिच्या अगदी जवळ आले होते. चर्चच्या पायरीवर ओले ठसे थांबलेले. आत ती एकटीच गेली होती. आत तिने लावलेली मेणबत्ती होती, तिची ज्योत दाराकडे वाकलेली. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

पायरीवर पाण्याचं डबकं होतं. कुणीतरी तिथे उभं राहून तिची वाट पाहिली होती. बराच वेळ.

आता राहिला धक्का. आणि धक्क्यानंतर होडी.

"आई मरिये," झाफिरिस पुटपुटला. किती वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडात आलं कोण जाणे.

धक्क्याचं टोक उन्हात पांढरं पडलं होतं. मिर्तो टोकावर उभी होती. एक पाय दगडावर, दुसरा पुढे, खाली. उजवा हात लांब केलेला, कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा. खाली होडी नव्हती. नुसतं पाणी, हिरवंगार, आणि ते एका जागी खळबळत होतं.

ओरडलं तर ती दचकून पडेल. झाफिरिस हळू चालत गेला.

"मिर्तो... बाळा..."

"आजोबा?" ती मागे न बघता म्हणाली. आवाज गुंगीतला. "तुम्हीही आलात? हे म्हणतात गुहा बघून लगेच परत येऊ. हात केवढा गार आहे यांचा..."

झाफिरिसने तिची कंबर धरली आणि ओढली. पोरगी इंचभर हलली नाही. हलक्या अंगाची पोर, पण पाण्याने भरलेलं जाळं ओढावं तशी. पलीकडून कुणीतरी धरलं होतं.

आयुष्यभर सगळ्यांवर खेकसणारा तो म्हातारा तेव्हा फार हळू बोलला. पाण्याशी बोलला.

"निकिफोरोस... खुर्ची मी सरळ केली. हिने नाही. ही पाहुणी आहे, हिला काय ठाऊक! सोड तिला." पाणी खळबळत राहिलं. "ऐक ना मेल्या... सोबतच हवी असेल तर मी आहे की. उद्या ये. बसू आपण."

वास एकदम दाटला, श्वास कोंडेल इतका. मग हात सुटला. दोघं मागे दगडावर पडली आणि गावातले सगळे रातकिडे एकाच वेळी ओरडायला लागले.

मिर्तो उठून बसली. "आजोबा, रडताय काय? ते गेले का? किती छान बोलत होते." तिच्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते, पांढरे, सुरकुतलेले, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखे.

घरी जाताना त्याने तुतीखाली थांबून निकिफोरोसची खुर्ची स्वतःच्या हाताने टेबलाला टेकवली. तीनदा थुंकला. कूला दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी बोटीत बसली. कठड्याशी उभी राहून हात हलवत होती. बोट ठिपका होईपर्यंत झाफिरिस तिथेच उभा राहिला. मग भावाला फोन केला. "बसवली. सुखरूप. आता कटकट करू नकोस," म्हणाला आणि ठेवून दिला. बरं वाटलं त्याला. पोरगी गेली होती, पाण्यावरून गेली होती, आणि काही झालं नव्हतं.

कॉफी प्यायला तो तुतीकडे वळला.

कूला दाराला पाठ लावून उभी होती. डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात.

"बार्बा... मी आत्ताच दुकान उघडलं. देवाची शपथ... मी हात लावला नाही."

सावलीतली खुर्ची सरळ उभी होती. बैठकीतून पाणी ठिबकत होतं. टेबलावर सोंगट्यांचा पट मांडलेला, दोन्ही बाजूंनी. आणि समोरची झाफिरिसची खुर्ची, मोडक्या पायाला त्याने स्वतः सुतळी गुंडाळलेली, तीच ती, पाठ टेबलाला टेकवून ठेवलेली होती. मागचे पाय अधांतरी.

"पोरांचा चावटपणा," झाफिरिस म्हणाला.

त्याने आपल्या खुर्चीची पाठ धरली. ज्याची त्याने सरळ करायला हरकत नसते. रोज एका हाताने उचलायचा तो ती.

त्याने ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली.

खुर्ची हलेना. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.